चौकीच्या दारातली पाठ

फोटो बिघडला होता, यात काही वाद नव्हता. रविवारचं दुपारचं जेवण उरकून भागवत परभणीतल्या आपल्या घराच्या पुढच्या खोलीत खुर्चीवर टेकला, आदल्या दिवशी काढलेला चौकीचा फोटो त्यानं मोबाइलवर उघडला, आणि त्याचं तोंड असं उतरलं की आतून ताटं उचलता उचलता त्याच्या बायकोनं, रेणुकानं, विचारलं, "काय झालं? कुनाचं काही वाईट कळलं का?" तो म्हणाला, "काही नाही, फोटो खराब आलाय." "हात्तिच्या," म्हणून तिनं नळ सोडला. पण भागवतला ते तसं सोडून देता येईना. जिंतूरपर्यंत एस.टी.नं हाडं खिळखिळी करून घ्यायची, तिथून कुणाची तरी मोटारसायकल मागून घ्यायची, बारा किलोमीटर खड्डे मोजत जायचं, आणि हाती काय, तर हे. आभाळ धुऊन काढल्यासारखं पांढरंफटक. त्याखाली चौकी तव्याच्या बुडासारखी काळी, आणि तीही एका अंगाला कललेली, जणू फोटो काढणाराच पिऊन गेला होता. मधून विजेची तार आडवी गेलेली. डाव्या कोपऱ्यात मागून आणलेल्या मोटारसायकलचा आरसा. बाभळीला अडकलेली एक निळी पिशवी मात्र इतकी स्वच्छ आली होती की तिच्यावरच्या दुकानाचं नाव वाचता यावं.

कॉलेजच्या नव्या वर्षाच्या कॅलेंडरात यंदा देवदेवता नकोत, जिल्ह्यातल्या विसरलेल्या इमारती घालू, ही टूम मराठी शिकवणाऱ्या सिद्धोधन सरांनी काढली होती, आणि भागवत इतिहास शिकवतो म्हणून जून महिना त्याच्या गळ्यात पडला. गळ्यात पडला असं तो स्टाफरूममध्ये म्हणायचा. खरं तर त्यानं तो मागून घेतला होता. ती चौकी त्याच्या मनात फार दिवस होती. निजामाच्या राज्यात जकातीच्या खात्याला करोडगिरी म्हणायचे, आणि जिंतूरच्या पुढे, वऱ्हाडच्या अंगाला, जुन्या गाडीवाटेवर त्या करोडगिरीची ही चौकी. तीन कमानी, मधलं मोठं दार, दारापुढे चार पायऱ्या. भागवतच्या बापाला, सटवाजीला, त्याच्या आज्यानं सांगितलं होतं की मेंढरं घेऊन पलीकडे जायचं तर त्या दारात उभं राहावं लागायचं आणि आत गादीवर बसलेला मुन्शी डोळे वर न करता विचारायचा, "बोलो, क्या क्या है?" कुणाला सोडायचे नाहीत. गाडीवाल्याला विचारायचे, तेलणीला विचारायचे, कडेवरच्या पोराच्या मुठीत काय आहे तेसुद्धा विचारायचे. सटवाजी ही गोष्ट सांगताना मुन्शीसारखा नाकातून बोलायचा आणि दोघं भाऊ, भागवत आणि धाकटा महारुद्र, घोंगडीत तोंड खुपसून हसायचे. भागवत पुढे शिकला, परभणीला मास्तर झाला, मेंढराचा वास अंगावरून जावा म्हणून पहिली दोन वर्षं दिवसातून दोनदा आंघोळ करायचा. पण ती गोष्ट त्याला कधी धुऊन टाकावीशी वाटली नाही.

संध्याकाळी सहापर्यंत फोटो पाठवा, असा सिद्धोधन सरांचा सकाळीच निरोप होता. पुन्हा जाऊन काढायला वेळ नव्हता, म्हणून आहे तो सुधारायचा. मोबाइलमधल्या या करामती भागवत उन्हाळ्याच्या सुटीत आपले आपणच शिकला होता आणि त्यात त्याला, कबूल करायला हरकत नाही, गोडी लागली होती. त्याला मुळातच नीटनेटकेपणाचा सोस. वर्गातल्या फळ्यावरची रेघ वाकडी गेली तर सगळं पुसून पुन्हा लिहिणारा माणूस. त्यानं आधी चौकी सरळ उभी केली. मग कडा छाटल्या, मोटारसायकलचा आरसा गेला. मग खोडण्याचं चिन्ह दाबून बोट तारेवरून फिरवलं, आणि तार होती तिथं आभाळ आलं. पिशवी होती तिथं बाभळीची फांदी आली, खऱ्या फांदीहून जरा बरीच. पायऱ्यांच्या उजव्या कडेला एक शेळी उभी होती, मान वळवून बघत असलेली. भागवत तिच्यापाशी क्षणभर थांबला. काल तिथं दहाबारा शेळ्या होत्या आणि त्यानं डोळ्यांवर हात धरून ओरडून सांगितलं होतं, "ए, त्या शेळ्या घ्या जरा बाजूला!" कुणाला सांगितलं ते त्यानं पाहिलं नव्हतं. ऊन समोरून होतं, मोबाइलच्या काचेत आपलंच टक्कल दिसत होतं, मोटारसायकलवाला दोनला परत मागत होता. पण शेळ्या बाजूला गेल्या होत्या. कुणीतरी "हुर्र" केलं होतं आणि त्या गेल्या होत्या. ही एवढी राहिली. त्यानं बोट फिरवलं, आणि शेळी होती तिथं पायरी आली.

उरला काळोख. चौकीचा सगळा दर्शनी भाग सावलीत होता, कमानी कुठे संपतात आणि भिंत कुठे सुरू होते तेच कळत नव्हतं. त्यासाठी एक वेगळी पट्टी होती, सावल्या उजळायची. भागवतनं ती हळूहळू उजवीकडे सरकवायला सुरुवात केली. आधी चिऱ्यांच्या सांधी दिसायला लागल्या. मग डाव्या कमानीवरचं दगडी फूल, जे त्याला काल प्रत्यक्ष उभं राहून दिसलं नव्हतं. त्याला लहान मुलासारखा आनंद झाला. त्यानं पट्टी आणखी सरकवली. मधल्या दारातला अंधार राखाडी झाला, राखाडीतून मातकट झाला, आणि दाराच्या आत, उजव्या भिंतीला लागून, एक बाई उभी होती. पाठमोरी. पदर डोक्यावरून पुढे ओढलेला, डावा तळवा भिंतीवर टेकवलेला, उजवा पाय किंचित उचललेला, जसा खडा टोचल्यावर माणूस उचलतं तसा. भागवतनं पट्टीवरचं बोट उचललं नाही आणि सरकवलंही नाही.

सटवाजी म्हणायचा, मेंढराच्या तोंडाकडे काय बघतो, तोंडं सगळ्यांची सारखीच. मेंढक्या मागून चालतो, त्यानं पाठ वळखावी. दोनशे मेंढरांच्या खांडात कोणतं कुणाचं ते तो पाठीवरून, ढुंगणाच्या हलण्यावरून सांगायचा, आणि दोघा पोरांना त्यानं ते असं शिकवलं होतं की इतिहासात एम.ए. करूनही भागवतची ती सवय गेली नाही. परीक्षेच्या हॉलमध्ये तो पोरांना मागून ओळखायचा. तेव्हा ही पाठ कुणाची हे कळायला त्याला पट्टी आणखी सरकवायची गरज नव्हती. आणि पाठ ओळखली नसती तरी एक गोष्ट पुरे होती. रानात एखादी अनोळखी बाई असती, तर ती मोबाइल घेतलेल्या माणसाकडे तोंड करून उभी राहिली असती. "कशाचा फोटू काढायलाव?" म्हणून तिनं विचारलंही असतं. परक्याला पाहून कुणी भिंतीकडे तोंड करत नाही. भिंतीकडे तोंड करते ती एकच, धाकट्या भावाची बायको, आणि करते ती एकालाच पाहून, आपल्या भायाला, नवऱ्याच्या थोरल्या भावाला. चौकीच्या दारात उभी होती ती दैवशाला होती. घरात तिला सगळे धाकली म्हणायचे. भागवत तर तेवढंही म्हणायचा नाही.

अकरा वर्षं महारुद्र आणि ती नांदले, आणि अकरा वर्षांत भागवतनं तिचं तोंड धडपणे पाहिलं नव्हतं. बोरीजवळच्या गावच्या घरी तो सणासुदीला जायचा तेव्हा त्याच्या चपलांचा आवाज आला की ती बाजेवरून उठायची, पदर ओढायची, भिंतीकडे वळायची. पाण्याचा तांब्या उंबऱ्यावर ठेवून मागे सरायची. तिच्या टाचा भेगाळलेल्या, डाव्या कोपराला तव्याचा जुना डाग, उभी राहताना उजवा पाय उचलायची खोड, एवढी त्याची तिची ओळख. परभणीत रेणुकाच्या मैत्रिणी त्याच्यासमोर खो-खो हसत चहा प्यायच्या आणि तो वर्गात स्त्रीशिक्षणावर तास घ्यायचा. पण गावच्या उंबऱ्याच्या आत गेलं की त्याला ते भिंतीकडे वळणं बरं वाटायचं. आता खरं बोलायचं तर नुसतं बरं नव्हे, मोठेपण वाटायचं. त्याला काही सांगायचं असलं तर तो मायला सांगायचा, माय आत जाऊन तिला सांगायची. तिला काही म्हणायचं असलं तर माय बाहेर येऊन म्हणायची, "धाकली म्हनतीय का, मुक्काम करा." तिचा आवाज कसा आहे हे त्याला चुलीपाशी ती कोंबड्यांना हुसकायची तेवढ्यावरून माहीत होतं. यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं. तिलाही वाटत नसावं, असं तो धरून चालायचा, कारण तिला कुणी विचारलं नव्हतं.

"जमला का फोटो?" रेणुका हात पुसत येऊन खुर्चीमागे उभी राहिली. "अगं बाई, किती उजळ केलाय. अन् ही कोन?" भागवत म्हणाला, "असंल कुणी शेळ्यावाली." हे वाक्य त्याच्या तोंडून इतकं सहज गेलं की ते ऐकून तोच दचकला. रेणुका थोडा वेळ वाकून पाहत राहिली. तिनं दैवशालाला तोंडासकट पाहिलं होतं, एका चुलीवर दोघींनी भाकरी थापल्या होत्या, पण पाठ ओळखायला तिला कुणी शिकवलं नव्हतं. "काढून टाका मंग. कॅलेंडरात कशाला शेळ्यावाली?" एवढं म्हणून ती वाळलेले कपडे काढायला गच्चीवर गेली. तिला सांगावं, अगं ही धाकली आहे, असं त्याच्या जिभेवर आलं होतं. पण ते सांगितलं की पुढचं सगळं आलं. ती तिथं कशी? माहेरी होती ना? माहेरी होती तर पडक्या चौकीत शेळ्या घेऊन काय करतेय? दाराच्या आत भिंतीला खुंटी ठोकलेली दिसत होती आणि खुंटीवर घोंगडी होती, काळी, पांढऱ्या काठाची. खाली तीन दगडांची चूल. दुपारच्या उन्हात घटकाभर टेकलेली बाई भिंतीला खुंटी ठोकत नाही.

महारुद्र देवगाव फाट्यावर गेला, त्याला साडेतीन वर्षं झाली. सेलूच्या बाजाराहून येताना ट्रकनं उडवलं. तेरा दिवस भागवत गावी होता आणि तेरा दिवस ती आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून बसली होती. रडायची तेव्हासुद्धा त्याच्या पावलाची चाहूल लागली की गप्प व्हायची. एवढं त्याला तेव्हाही जाणवलं होतं की आपण आत गेलो की हिला रडता येत नाही. चौदाव्या दिवशी भावकीतली चार माणसं ओट्यावर बसली. मेंढरं कोण राखणार? मूलबाळ नाही, एकटी बाई खांडामागं रानोमाळ कशी हिंडणार? मायला परभणीला न्यायचं ठरलं. घराला कुलूप लावायचं ठरलं. मग एकाच माणसाचं ठरायचं राहिलं होतं. "तिला माहेरी धाडावं हे बरं," भागवतच म्हणाला होता, "पण तिला विचारा. तिच्या मनाविरुद्ध नको." हे वाक्य म्हणताना आपण किती रीतसर वागतोय असं त्याला वाटलं होतं. माय, बानूबाई, गुडघ्यावर हात देऊन उठली, आत गेली, आणि आली. "हो म्हनतीय," ती म्हणाली. भावकीतल्या माणसांनी माना डोलावल्या. भागवतनं स्वतः बोरीहून जीप ठरवली. ती जीपमध्येही पाठमोरीच चढली, मांडीवर एक पिशवी, आणि जीप वळणावरून दिसेनाशी झाली तेव्हा त्याला सुटल्यासारखं वाटलं. हो म्हणाली होती ना? मग झालं. साडेतीन वर्षं तो त्या एका 'हो'वर सुखानं झोपला होता. मेंढरं विकून झाली, गेल्या दिवाळीत मायही गेली, तेव्हा दैवशालाला निरोप धाडावा असं रेणुका म्हणाली होती, आणि कुणीतरी धाडला असेल म्हणून कुणीच धाडला नाही.

आता खुर्चीवर बसून त्याच्या मनात दुसरंच येत होतं. माय आत गेली आणि आली. पण किती वेळात आली? ओट्यावर त्याच्या शेजारी बसलेल्या चुलत्यानं तोंडात सुपारीचं खांड टाकलं होतं आणि ते फुटायच्या आत ती बाहेर होती. आतल्या खोलीपर्यंत जायचं, खाली बसायचं, असलं काही विचारायचं, तिनं ऐकायचं, काही म्हणायचं, एवढं सगळं त्यात मावतं का? हे त्याला आज सुचलं होतं की त्या दिवशीही दिसलं होतं आणि त्यानं बघितलं नव्हतं? तो मनातल्या मनात मायच्या मागून आत जायचा प्रयत्न करू लागला. दाराचं लाकूड, कोनाड्यातली चिमणी, पाण्याचा माठ. त्यापुढे काही दिसत नव्हतं. तिथं उजळायला पट्टी नव्हती. माय असती तर तिला विचारलं असतं, असं त्यानं स्वतःला सांगून पाहिलं, पण तेही खोटं होतं. माय गेल्या दिवाळीपर्यंत याच घरात, त्या समोरच्या दिवाणावर बसून होती, आणि त्यानं तिला कधी विचारलं नव्हतं. त्याला भीती वाटली. उघड्या दुपारी, स्वतःच्या घरात, पंखा फिरत असताना त्याला साधी भीती वाटली.

पाच वाजून गेले. सिद्धोधन सरांचा निरोप आला, "सर, फक्त जून राहिलाय." भागवतनं खोडायचं चिन्ह दाबलं. आपण नुसतं बघू, जमतं का ते बघू, असं त्याचं बोट म्हणत होतं. त्यानं पदरावरून बोट फिरवलं, पाठीवरून फिरवलं, टाचांवरून फिरवलं. क्षणभर मधे एक गोल फिरला आणि बाई होती तिथं भिंत आली. चिरे, सांधी, एका चिऱ्याचा उडालेला टवका, सगळं जिथल्या तिथं. मोबाइलला काहीच जड गेलं नाही. फक्त डाव्या बाजूला तळवा राहिला. बोट तिथपर्यंत गेलं नव्हतं. नुसता तळवा, पाची बोटं पसरलेला, मनगटात एक पितळी कडं, भिंतीवर टेकलेला. भागवत त्याच्याकडे बघत राहिला. मग त्यानं तोही खोडला. मग घोंगडी. मग चूल. तिन्ही कमानी स्वच्छ झाल्या, चौकी गावात नव्या आलेल्या साहेबासारखी उभी राहिली, आणि त्यानं डोळे मिटल्यासारखं करून फोटो पाठवून दिला. दोन मिनिटांत उत्तर आलं. "एकदम कडक सर! कोण म्हणेल मोबाइलवर काढलाय. सगळ्यात भारी जूनच." हाताचा अंगठा, टाळ्या, पुन्हा अंगठा. रेणुकानं चहा आणून ठेवला. तो त्यानं पाण्यासारखा पिऊन टाकला आणि जीभ भाजल्याचं त्याला बऱ्याच वेळानं कळलं.

जे केलं त्याची लाज वाटायला लागली की माणूस आधी हिशेबी होतो, तसा तो झाला. कॅलेंडरात कुणाची पाठ छापणं हेच मुळात वाईट. तिलाच ते आवडलं नसतं. तिच्या माहेरच्यांनी काय म्हटलं असतं? सगळं बरोबर होतं. एकेक मुद्दा फळ्यावर लिहून काढावा इतका बरोबर. पण मूळ फोटो मोबाइलमध्ये तसाच होता, काळा, कललेला, तार आणि पिशवी आणि शेळीसकट, आणि त्या काळ्या दारात ती होती हे आता त्याला पट्टी न सरकवताही दिसत होतं. सोमवारी सकाळी त्यानं कॉलेजात अर्ध्या दिवसाची रजा टाकली. "पुन्हा तिकडंच?" रेणुकानं विचारलं, "फोटो तर आवडला ना त्यांना?" तेव्हा त्यानं सांगितलं. "ती शेळ्यावाली नव्हती. धाकली होती." रेणुकानं आत जाऊन डब्यात चार भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी बांधली आणि डबा त्याच्या हातात देताना म्हणाली, "तिला लसनाची लागती. पन लसून सरलाय."

बोरीला एस.टी. थांबली तेव्हा त्यानं सिद्धोधन सरांना फोन लावला. "सर, तो फोटो जरा थांबवा. दुसरा देतो." "गेला की सर तो प्रेसला," पलीकडून आवाज आला. "सकाळीच गेले सगळे. आता काय बदलायलाव, एवढा सुंदर आलाय!" खिडकीबाहेर बायका पाठीला झोळ्या बांधून कापूस वेचत होत्या, सगळ्या वाकलेल्या, आणि भागवत पुढच्या सगळ्या रस्त्यात पाठी बघत गेला. जिंतूरला उतरून त्यानं या वेळी रिक्षा केली आणि तीही अलीकडेच, बाभळीपाशी सोडून दिली. चौकी उन्हात होती. सकाळी ऊन थेट दर्शनी भागावर येतं, हे फोटो काढणाऱ्याला आधी कळायला हवं होतं. शेळ्या पायऱ्यांवर पसरल्या होत्या. ती दारात शेंगा सोलत बसली होती, आणि भागवतला आयुष्यात पहिल्यांदा तिचं तोंड दिसलं, पण लांबून आणि इतकं थोडं, की ते पाहिलं असं म्हणता येणार नाही. त्याच्या चपलेखाली खडी वाजली. ती उठली, पदर ओढला, आत सरकली आणि उजव्या भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. डावा तळवा भिंतीवर. बरोबर तिथंच.

तो पायऱ्यांपाशी आला आणि आता पुढे काय हे त्याला कळेना. आत निरोप न्यायला कुणी नव्हतं. त्यानं शेळ्यांना बाजूला केलं, वरच्या पायरीवर बसला, आणि मग उन्हाकडे तोंड करून, दाराकडे पाठ करून बसला. डबा त्यानं हात मागे करून उंबऱ्यावर ठेवला. "रेणुकानं दिलाय," तो समोरच्या बाभळीला म्हणाला. मग मागून आवाज आला, बारीक, जरा घोगरा, कोंबड्या हुसकायचा तोच.

"फोटू निघाला का?"

"निघाला."

"आवाजावरूनच वळखलं म्या. शेळ्या सरकवल्या लगीच. येक राहिली व्हती कडंला, लय हट्टी हाय ती. ती आली का मधी?"

"नाही आली," भागवत म्हणाला. "तू इथं कवापासून?"

"पाऊसकाळापसून. भाऊ चांगला हाय. पन भावजयीला जागा पुरंना." मग ती म्हणाली, "हितं बरं हाय. छत गळत न्हाई."

त्यानं विचारायचं ते विचारलं. एस.टी.त त्यानं त्याची चार तऱ्हेनं जुळणी केली होती, पण तोंडून निघालं ते वेगळंच, तुटकं. "त्या दिवशी... चौदाव्या दिवशी. माय आत आली होती ना? तिनं तुला विचारलं होतं ना, माहेरी जातीस का म्हणून?"

मागे शेंगा सोलायचा आवाज पुन्हा सुरू झाला होता, तो थांबला.

"आत्याबाई आल्या व्हत्या," ती आठवून म्हणाली. "माठातलं पानी घेतलं, पिल्या अन् भाईर गेल्या. मंग जीप आली."

"काहीच विचारलं नाही?"

"मला कोन कशाला इचारंल?"

ती हे रागानं म्हणाली असती तर भागवतनं ते कसंही झेललं असतं. पण तिच्या आवाजात राग नव्हता. तिला त्याच्या विचारण्याचं नवल वाटलं होतं. त्याच्या डोळ्यांसमोर बाभळ हलायला लागली. तो पुरुषासारखा पुरुष, पन्नाशीचा, कॉलेजातला सर, करोडगिरीच्या पायरीवर शेळ्यांच्यात बसून रडला, आणि ती मागे आहे म्हणून आवाज न करता रडला. मग त्यानं मोबाइल काढला, मूळ फोटो उघडला, सावल्यांची पट्टी उजवीकडे शेवटपर्यंत नेली आणि मोबाइल खांद्यावरून मागे धरला. कडं उंबऱ्यावर वाजलं. मोबाइल त्याच्या हातातून गेला.

"पाठ हाय ही तर," ती म्हणाली. आणि जरा वेळानं, "माझी हाय?"

"तुझीच. मी तेवढ्यावरच ओळखलं. पण छापायला दिला त्यात तू नाहीस. मी काढून टाकलं तुला. शेळीपण काढली."

"बरं केलं की," ती म्हणाली. "दार चांगलं दिसंल."

"बरं नाही केलं." हे तो इतक्या मोठ्यानं म्हणाला की हट्टी शेळीनं मान वळवून पाहिलं. "त्या दिवशी मी उठून आत यायला पाहिजे होतं. मी विचारायला पाहिजे होतं."

मोबाइल उंबऱ्यावर ठेवल्याचा आवाज आला. डब्याचं झाकण निघाल्याचा आवाज आला. चटणीचा वास आला.

"मंग आता इचारा की," ती म्हणाली.

भागवतनं समोर पाहिलं. जुनी गाडीवाट खाली वऱ्हाडाकडे उतरत गेली होती आणि तिच्यावर कुणी नव्हतं. भायानं धाकट्या भावाच्या बायकोचं नाव घेऊ नये. त्यानं घेतलं. "दैवशाला," तो म्हणाला, "तुला काय पाहिजे?"

तिचा घास थांबला होता. काय उत्तर येईल हे त्याला ठाऊक नव्हतं, आणि ते आत जाऊन आणून देणारंही आता कुणी नव्हतं. तो पायरीवर बसून राहिला.